उतारावर
मास्तरांनी शेवटी बॅगेलाच पट्टा लावला, तेव्हा कुठे गाडीची पिरपिर थांबली.

पुढच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी त्या भाड्याच्या गाडीची समजूत झाली होती. बसलेलं कुणी नव्हतं. बॅग होती, सकाळी राजधानीतल्या पोराच्या ऑफिसने सही घेऊन हातात दिलेली. आत पोराचे दोन शर्ट, दाढीचं सामान, बूट. बायको मागे बसली होती. पुढची जागा पोराची, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आजही दोघांच्या मनात दुसरं काही आलं नाही.

"मागे घेऊ का ती?" तिने विचारलं.

"राहू दे. त्याला पुढचं दिसायला लागतं," मास्तर बोलून गेले.

पोरगा नोकरीला गेला तो परका देश कसला, तळहाताएवढा. सकाळी निघालं की संध्याकाळी दुसऱ्या टोकाला. पण पोरगा फोनवर म्हणायचा, "आई, नुसती राजधानी बघून काय कळतंय?" दोन वर्षं तिथे नोकरी केली आणि एका सुट्टीत अशीच भाड्याची गाडी घेऊन निघाला. याच रस्त्यावरच्या घाटात, शेवटच्या वळणावर, दरीत गेला. त्याला आता आठ महिने झाले. ब्रेक तापून निकामी झाले, असं कागदावर लिहून आलं होतं.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. एकतीस वर्षांत अर्ध्या गावाने त्यांच्या शिव्या खात स्टिअरिंग धरलं होतं. घरासमोरच्या चढावर त्यांची शाळा चाले. कुणाची चूक झाली की सारवासारव चालायची नाही. गाडी मुकाट परत चढाच्या टोकावर न्यायची. "चुकलं. पुन्हा वरून!" ही आरोळी बायकोला स्वयंपाकघरात रोज ऐकू यायची.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुठल्याच शिष्याला शिकवली नव्हती. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, गिअरमधून काढून नुसती घरंगळू द्यायची, तेवढंच पेट्रोल वाचतं. ही गंमत फक्त पोराला, घरचा माणूस म्हणून. त्या दिवशी पोराने तेच केलं होतं का, हा प्रश्न आठ महिने त्यांचं काळीज कुरतडत होता. कुणाला विचारणार? बायकोला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेच बरं होतं. "बॅग घ्यायला आलोच आहोत तर रस्ताही बघून येऊ," एवढंच ते तिला म्हणाले होते.

घाटमाथ्यावरच्या पंपवाल्याने काच पुसता पुसता बजावलं, "दुसऱ्या गिअरमध्ये उतरा हं. इंजिन बोंबललं तरी बोंबलू दे. तेच गाडी धरून ठेवतं."

"मी गाडी शिकवतो."

"मग झालं! तुम्हाला कोण सांगणार?" तो हसला.

पहिली दोन वळणं मास्तर दुसऱ्यातच उतरले. इंजिन ठणाणा करत होतं. मग वाऱ्याचा आवाज येऊ लागला, पट्ट्याची बारीक कुरकुर ऐकू येऊ लागली. वळणावर बॅग त्यांच्याकडे कलली. पोरगाही वळणावर मुद्दाम असाच अंगावर रेलायचा, लहानपणापासून. मास्तर हसलेसुद्धा. किती छान चालली होती गाडी! तो शेजारी होता, अगदी होता.

"गाडी शांत झाली," मागून बायको म्हणाली.

मास्तरांनी खाली बघितलं. गिअर न्यूट्रलमध्ये होता. हात कधी गेला होता, त्यांना कळलंच नव्हतं.

"तो चालवायचा तेव्हाही उतारावर अशीच शांत व्हायची. मी विचारलं तर म्हणाला, बाबांची गंमत आहे, कुणाला सांगू नकोस."

त्यांनी ब्रेक दाबला. करपल्याचा वास आला. कसाबसा दुसरा गिअर पडला, इंजिन किंचाळलं, बॅग पट्ट्यावर आदळली. शेवटच्या वळणावरचा कठडा एका ठिकाणी नवाकोरा होता. तो मागे टाकून, घाट संपला तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तो कागद आला त्या दिवसापासून. त्यात ब्रेकचं वाचलं आणि ती गंमत आठवली."

"मग बोलली का नाहीस? शिव्या तरी घालायच्यास!"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

मास्तरांनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. "मीच घालवला गं त्याला."

ती "नाही" म्हणाली नाही. खाली उतरली, पुढचं दार उघडलं, बॅग मांडीवर घेऊन पोराच्या जागी बसली. गाडी पुन्हा पिरपिरू लागली. तिने पट्टा ओढला आणि स्वतःसकट बॅगेवरून घेऊन लावला. आवाज बंद झाला.

"वळवा गाडी."

"कुठे?"

तिने घाटाकडे बघितलं.

"चुकलं," ती म्हणाली. "पुन्हा वरून."