नागोरावाचा बंपर

नागोरावानं ठोकलेलं रिबिट निघत नाही, असं सारं गाव म्हणतं, असं नागोराव म्हणायचा. गावाच्या तोंडून मी तरी ते कधी ऐकलं नाही. पण ते खोटं नव्हतं, हेही सांगतो. पांढरकवड्याच्या एका जिनिंगात फिटरच्या हाताखाली बरेच हंगाम काढून तो परत आला आणि आमच्या पुऱ्यात, म्हणजे गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीत, रस्त्याच्या कडेला, आपल्या घराला लागूनच त्यानं भट्टी टाकली. वखराच्या पासा, बैलगाडीच्या धावा, जे येईल ते करायचा. भाता मी ओढायचो. मला दुसरं काम नव्हतं, आणि त्याला स्वतःची टिमकी वाजवताना ऐकायला माणूस लागायचा.

गावचे पाटील भगवानराव. त्यांनी लष्कराच्या लिलावातली जीप आणली होती आणि शिकारीच्या नावाखाली ते मुकुटबनच्या जंगलात ती पळवत असत. एकदा रात्रीच्या वेळी एक रोही, म्हणजे नीलगायीचा नर, गाडीवर येऊन आदळला. रोही मेला, आणि जीपचा एक दिवा गेला, पुढचा पत्रा आत बसला. पाटलांनी नागोरावाला बोलावलं आणि सांगितलं, पुढं असा बंपर पाहिजे की पुन्हा कोणी आडवं आलं तर त्याचंच नाक फुटलं पाहिजे. नागोरावानं सुतळीनं मापं घेतली. तेवढ्यावर घरी आला असता तर गोष्टच नव्हती.

पण त्याच्या डोक्यात बापाचा विषय होता. बाप म्हणजे उकंडाबुवा. गावात ढोर मेलं की ते वाशाला बांधून गावाबाहेर न्यायचं, हे आमच्या लोकांचं काम. उकंडाबुवाच्या खांद्यावर त्या वाशानं लिंबाएवढी गाठ आणली होती. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या त्यानं तो वासा चुलीत घातला. मेलेल्या ढोराला पुन्हा हात लावणार नाही, असा शब्द तिथं देऊन आलो, म्हणाला. शब्द पुऱ्यानंही पाळला. पाटलांचं ढोर मेलं की मात्र त्यांचा गडी अजून उकंडाबुवाच्याच दारात येऊन उभा राहायचा. "उकंड्या, निंग!" म्हातारा निघायचा नाही. मग रस्त्यावरून आईबहिणीच्या शिव्या सुरू व्हायच्या, आणि म्हातारा घरात भिंतीकडे तोंड करून त्या ऐकत बसायचा. मग पाटील शेजारच्या गावातून माणसं आणायचे. आता त्या गावानंही ते काम सोडलं होतं.

म्हणून नागोराव पायरीखाली उभा राहून पाटलांना म्हणाला, "मालक, बंपरले समोर एक हूक लावून देतो. ढोर मेलं का दोर बांधाचा आन गाडी मांगं घ्याची. गाडीच ओढन."

"समोर कायले? मांगून नाई लावता येत?"

"मांगं तुमचे पाव्हने बसतात, मालक."

पाटील खूष होऊन हसले. "मजुरी काय घेशीन?"

"मजुरी नोको. माह्या बाच्या दारात पुन्हा कोनी येऊ नये. एवढाच शब्द द्या."

"देल्ला," भगवानराव म्हणाले. पान खातखात दिलेला शब्द तो.

जिनिंगच्या भंगारातलं जाड लोखंडी चॅनल पाटलांच्या गाडीतून आलं. नागोरावानं ते भट्टीत लाल करून दोन्ही टोकं मागं वळवली, सुंब्यानं भोकं पाडली, जीपच्या सांगाड्याला घट्ट बसतील अशा दोन पट्ट्या केल्या आणि तापवलेली रिबिटं घणानं ठोकून सगळं एक केलं. बैलगाडीच्या मोडक्या आखाचा हूक वळवला. त्याची बायको पंचफुला सांडशीनं रिबिटं धरायला होती. भाता ओढून माझे खांदे भरून आले, आणि हा मात्र घण मारता मारता बडबडत होता. आता लोखंड ओढन, आपली पिढ्यान्‌पिढ्यांची हमाली संपली, वगैरे.

पंचफुलानं सांडशी खाली ठेवली आणि विचारलं, "ओढन तं गाडी. पन ढोराच्या पायाले दोर कोन बांधन?"

"कोनीबी बांधन."

"कोन कोनीबी?"

"अवं, गाठ माराले का जात लागते?" असं म्हणून तो हसला. मीही हसलो. पंचफुला हसली नाही. तिनं पुढचं रिबिट भट्टीतून उचललं.

बंपर चढवला त्या दिवशी पाटलांना परीक्षा पाहायची हौस आली. रस्त्याच्या कडेला बाभळीचं एक जुनं खोड होतं. बैलांच्या दोन जोड्यांनी हललं नव्हतं. पाटलांचा ड्रायव्हर मारोतराव यानं खोडाला दोर बांधून हुकात अडकवला, जीप मागं घेतली आणि खोड मुळांसकट वर आलं. लोक ओरडले. नागोरावाची छाती इतकी फुगली की सदऱ्याची गुंडी राहते की नाही, असं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तो बंपरवर थाप मारून सगळ्यांसमोर म्हणाला, "खोडाचं काय घेऊन बसले, मालक? अख्खं घर ओढा. घर येईन, पन हा जोड नाई हालनार!"

"असं?" भगवानराव म्हणाले.

पोळ्याच्या तोंडावर पाटलांचा एक बैल साप चावून गोठ्यात मेला. मारोतरावानं जीप गोठ्याच्या तोंडाशी आणून उभी केली. हुकाला दोर अडकवला. दोराचं दुसरं टोक बैलाजवळ नेऊन टाकलं आणि हात झटकून तो बाजूला झाला. पाटलांनी गड्यांकडे पाहिलं. एक गडी कडब्याच्या गंजीकडे बघू लागला, एकाला एकाएकी खोकला आला. मारोतराव म्हणाला, "मी गाडी चालवतो, मालक. ढोर नाई शिवत." पाटलांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोर तसाच पडून राहिला. आणि मग गडी आला, शब्द दिला होता त्याच दारात. "उकंड्या, निंग!"

म्हाताऱ्याऐवजी नागोराव गेला. मी त्याच्या मागं गेलो.

"मालक, तुमी शब्द देल्ता."

"मंग? मोडला काय?" पाटील गोड आवाजात म्हणाले. "ओढाले कोनं बोलावलं? ओढन तं गाडीच. फक्त गाठ मारून दे. हूक तुहा, काम बी तुहं. अर्धं काम करून चालत असते काय?"

"गाठ नाई मारनार, मालक. गाठ मारली का ओढल्यासारखंच हाय. आमी ते सोडलं."

मला वाटलं, आता शिव्या येतील. शिव्या परवडल्या असत्या. पाटलांनी घरातून शिकारीची बंदूक आणवली, जीपमध्ये बसून मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "मारोतराव, दोर सोड तिथला. चाल पुऱ्यात. याच्या जोडाची परीक्षा राह्यली हाय."

जीप नागोरावाच्या घरासमोर येऊन थांबली, तेव्हा सारा पुरा रस्त्यावर होता. बंदूक कुणावर रोखलेली नव्हती. तशी गरजच नव्हती. मी आणि पंचफुलानं उकंडाबुवाला खाटेसकट उचलून रस्त्यापलीकडे नेलं. तिनं दोन भांडी आणि पिठाचा डबा बाहेर काढला, तेवढ्यात मारोतराव दोर घेऊन आत शिरला. बुटांसकट सरळ चुलीजवळून गेला, ज्या मेढीवर सारं आढं उभं होतं तिला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पक्की गाठ दिली. आमच्या लोकांच्या घरात त्याच्या जातीचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आला होता. बैल शिवायला विटाळ होता. घर पाडायला नव्हता. हे आठवलं की मला आजही मारोतरावाचे ते हात तोडावेसे वाटतात.

"नागो, अजून बी वेळ हाय," पाटील म्हणाले. "एक गाठ. बस्स."

खाटेवर म्हातारा उठून बसला. त्यानं धोतर सावरलं, पाय खाली सोडले आणि म्हणाला, "थांबा मालक. मी येतो. मी बांधून देतो. पोराचं घर नोका पाडू."

नागोरावानं जाऊन बापाचे दोन्ही खांदे धरले. वाशाची ती गाठ त्याच्या हाताखाली आली असेल. त्यानं म्हाताऱ्याला दाबून खाली बसवलं. "बस, बा," म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

पाटलांनी मान हलवली. मारोतरावानं जीप मागं घेतली. दोर ताठ झाला, चाकं जागच्या जागी फिरली, माती उडाली. मेढ करकरली. एक क्षण असा आला की घर आणि जीप दोन्ही अडून बसली, आणि काहीतरी तुटणार हे सगळ्यांना कळलं. दोर तुटेल, रिबिटं निघतील, बंपर गळून पडेल, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. मेढ बुडातून उपटून बाहेर आली. आढं खाली बसलं, त्यावर छपराचे कवेलू, त्यावर भिंत. भट्टीवरचं छप्परही त्याच्याबरोबर गेलं. धूळ इतकी उठली की थोडा वेळ कुणालाच काही दिसलं नाही.

धूळ खाली बसली. पाटलांचा बैल तिकडे गोठ्यात फुगत पडला होता, तो तसाच होता. उकंडाबुवा खाटेवर तोंड झाकून रडत होता. मी नागोरावाकडे पाहिलं. त्यानं बापाचे खांदे सोडले होते. दोन पावलं पुढं येऊन, जरा वाकून, तो जीपच्या पुढच्या भागाकडे बघत होता. एकही रिबिट ढिलं झालं नव्हतं. बंपर हुकासकट होता तिथंच होता. ते पाहून त्याचा चेहरा क्षणभर सैल झाला, भट्टीतून काम उतरल्यावर व्हायचा तसा.

पंचफुलानं ते पाहिलं. तिच्या कडेवर पिठाचा डबा होता.

"इकडे पाहा," ती म्हणाली. "घर इकडे पडलं."