लाकडी अंड्यावरचे अठ्ठावीस दिवस

मी एकदा एक नवस बोलले होते. तिथूनच सुरुवात करते.

मी क्रौंच पक्षीण बोलतेय. शहरातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात, तळ्याकाठच्या जाळीत राहते. माझं पहिलं अंडं फुटलं त्या दिवशी, ज्यानं चोच दिली त्यालाच मी म्हटलं होतं, "पुन्हा माझ्या पंखाखाली काही घातलंस, तर आभाळ कोसळलं तरी मी उठायची नाही."

झालं असं, की कुणीतरी गंमत म्हणून जाळीवर छत्री आपटली. आम्ही दोघं दचकून उठलो आणि माझ्या जोडीदाराचाच पाय अंड्यावर पडला. त्या हिवाळ्यात तोही गेला. कुणी फेकलेलं बाटलीचं झाकण त्यानं शिंपला समजून गिळलं होतं. मी ओरडले नाही. ओरडावंसं वाटलंच नाही. एका पायावर उभी राहिले, ती राहिलेच.

या जागेचंही तसंच आहे, होतं ते गेलं. आजोबा नातवंडांना सांगतात, "इथे सिंह असायचा बरं का!" आता त्या पिंजऱ्यात झाडू आणि घमेली असतात. फाटकावर नवी पाटी आली आहे: इथे दुर्मिळ पक्षी वाढवून रानात सोडले जातात.

"आई, हा पक्षी खरा आहे?" एका मुलीनं विचारलं.

"छे गं, पेंढा भरलाय. बघ, पापणी तरी हलतेय का?"

हलवता आली असती. जिवावर आलं.

मग एका सकाळी, भराव घालून बुजवायला काढलेल्या दलदलीतून एक अंडं आलं. आमच्याच जातीचं. ते उबवणी यंत्रात ठेवलं, आणि डॉक्टरीणबाई आमच्या म्हाताऱ्या राखणदाराला घेऊन माझ्या जाळीपाशी आल्या.

"काका, या पिल्लाला आई हवी. आपल्या हातून खाईल तर जन्मभर आपल्याच मागे फिरेल."

"मग ते क्रौंचाचं पांढरं सोंग आहे की, बाई. झगा घालतो, हातात खोटी चोच धरतो."

"मागच्या खेपेला त्या झग्यात तुम्हाला शिंका आल्या. ते पिल्लू अजून कुणी शिंकलं की धावत जातं!"

काका हसले, पण पलीकडच्या जाळीकडे त्यांनी पाहिलं नाही. ते पिल्लू आता मोठं होऊन तिथंच आहे. त्याला रान कधीच मिळणार नाही.

"हिला आधी लाकडी अंडं देऊ," बाई म्हणाल्या. "नेटानं बसली तर खरं देऊ. उठली तर विषय संपला."

लाकडी अंडं देण्याआधी कोमट करायचं असतं. काका विसरले. कपाटातून काढलं आणि तसंच घरट्यात ठेवलं. दगडासारखं गार! मला तेव्हाच कळलं की यात कुणी नाही.

तरी मी बसले. माया दाटून आली म्हणून नव्हे. बोलले होते म्हणून. जे देशील ते पारखून घेईन, असं मी कुठे म्हटलं होतं?

काका चारा घेऊन येत तेवढीच उठायची, चार घास गिळून परत. दिवस मोजले नाहीत. ते काकांनी वहीत मोजले. सतराव्या दिवशी पुन्हा कुणीतरी जाळी खडखडवली. माझे पाय आपोआप ताठ झाले. मान खाली घातली आणि बसून राहिले. राखणदाराच्या खोलीच्या खिडकीतून काकांचा आवाज आला, "बाई, हलली नाही हो!"

अठ्ठाविसाव्या दिवशी ते लोकरी मोज्यात काहीतरी घेऊन आले. लाकडी काढलं, दुसरं ठेवलं. ते ऊबदार होतं. आतून कुणीतरी टकटक करत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी फक्त जरा सरकून बसले, त्याला जागा व्हावी म्हणून.

पिल्लू निघालं. माझ्या मागे चालायला शिकलं, माणूस दिसला की माझ्याआड लपायला शिकलं. पंख भरल्यावर त्याला दूरच्या पाणथळीत नेऊन सोडलं. काका येऊन मला सांगून गेले, "उडाली गं तुझी पोर. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही." आणि डोळे पुसत पुसत चक्क शिंकले. पलीकडच्या जाळीतला धावत आला.

त्या संध्याकाळी मी ओरडले. किती वर्षांनी, कोण जाणे. आवाज चिरका निघाला.

आज काका पुन्हा कपाट उघडताहेत. या खेपेलाही गारच आणतील बहुतेक. आणू देत.

माझं एवढंच मागणं आहे, तुम्हीही असा एक नेम धरा. जाळीशी हळू या, हे तर आहेच. पण तुमच्या घरातही कुणीतरी, काहीतरी गार पडलेलं असेल. त्याच्यापाशी रोज थोडं बसा. आतून काही वाटलं नाही तरी बसा. टकटक ऐकू येईपर्यंत उठू नका.