बेचाळीस पायऱ्या

लेक झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. त्यात नकाशा, कपड्यांच्या घड्या आणि जमलंच तर गरम चहा. चहाचा नंबर सहसा लागत नाही.

भूगोलाच्या एम.ए.चा शेवटचा प्रकल्प तेवढा राहिला होता. बाळंतपणात वर्ष गेलं. आता शहराच्या नियोजन कार्यालयात, नकाशा विभागात माझी निवड झाली होती. अट एकच. सोमवारपर्यंत मार्गदर्शक सरांची सही असलेला प्रकल्प आणून द्या.

"एवढा भूगोल शिकून करणार काय, वहिनी?" दीर चिडवायचा. "वाट दाखवायला मोबाईल आहे की."

"आणि मोबाईलला कोण दाखवतं, भाऊजी?"

त्याला उत्तर दिलं, पण माझी मलाच समजूत घालता येईना. माझ्या वर्गातली एक हवामान खात्यात लागली होती, एक विमा कंपनीसाठी पुराचे नकाशे करत होती. मी दुपटी वाळत घालत होते.

प्रकल्प साधा होता. वस्तीतल्या वीस कोपऱ्यांपासून लहान मुलांच्या दवाखान्यापर्यंत चालत किती वेळ लागतो? सासूबाई तेव्हा नणंदेकडे होत्या, म्हणून लेकीला बाबागाडीत घालून सगळे रस्ते मोजले.

सरांचं बोट अकराव्या ओळीवर थांबलं. "अंतर साडेचारशे मीटर. वेळ एकतीस मिनिटं. रांगत गेलीस का?"

तेव्हा आठवलं. चढावरच्या पायऱ्यांच्या मध्यावर लेकीनं भोकाड पसरलं होतं. तिथंच भिंतीकडे तोंड करून तिला पाजलं आणि घड्याळ थांबवायचं राहून गेलं.

"हा आकडा बिघडलाय. आणखी चार आहेत असे," सर म्हणाले. "एकटी जा, नीट मोजून आण. असल्या तक्त्यावर मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी एकटी गेले. सासूबाई परत आल्या होत्या, लेक त्यांच्यापाशी. मोकळ्या हातांचं काय करायचं तेच कळेना, शेवटी ते खिशात घातले. अकराव्या कोपऱ्यापासून, म्हणजे आमच्याच घराजवळून, नऊ मिनिटं. हुश्श झालं.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई लेकीला थोपटता थोपटता थांबल्या.

"नऊ? मग परवा लस द्यायला गेलो तेव्हा आपण दोघी अर्धा तास कुठे हिंडत होतो गं? माझा खांदा अजून बोलतोय."

मी हसले. पण पेन्सिल हातात घेतल्यावर ते नऊ लिहवेनात. नऊ लिहिले की सही पक्की, नोकरी पक्की. शेजारी लेक मूठ गालाखाली घेऊन झोपली होती. मी तक्त्यात दोन रकाने आखले. एकटीनं. लेकीसह. मग दोन नकाशे रंगवले. दुसऱ्यात दवाखान्यापासून जवळच्याच, पण पायऱ्यांखालच्या घरांवर सगळ्यात गडद, म्हणजे सगळ्यात जास्त वेळेचा, लाल चढला.

शुक्रवारी सरांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले. "मी एकटीला जायला सांगितलं होतं."

"गेले ना, सर. तो पहिला नकाशा. पण लहान मुलांच्या दवाखान्यात एकटं कोण जातं?"

"आणि हे एकतीस मी कशावरून खरे मानायचे?"

"उद्या चला की माझ्याबरोबर." बोलून गेले आणि जीभ चावली.

सर आले. पॉलिश केलेले बूट, काखेत कातडी बॅग. बेचाळीस पायऱ्या, बाबागाडीची पुढची चाकं त्यांनी धरली, मागची बाजू मी. एकविसाव्या पायरीवर ते मटकन बसले. लेकीनंही नेमकं तिथंच तोंड उघडलं, जणू प्रकल्प तिनं वाचला होता. मी भिंतीकडे वळले. सर भलतीकडे बघत रुमालानं मान पुसत राहिले.

"घड्याळ चालू आहे?"

"चालू आहे. थांबवू?"

"अजिबात नको."

बऱ्याच वेळानं त्यांनी बाबागाडीच्या जाळीतून प्रकल्प काढला, गुडघ्यावर ठेवला आणि शेवटच्या पानावर सही केली. पेनाचं टोपण लावता लावता विचारलं, "एरवी पुढून कोण धरतं?"

"भेटेल तो, सर."

ते उठले, पँट झटकली आणि वाकून चाकं धरली. "चल."

त्या दिवशी चौतीस मिनिटं लागली. वरची तीन सरांची.