सभेच्या टेबलावरची आरतीची घंटी

मित्रांनो, माझा आवाज कानावर पडला की तुमचे हात आपोआप टाळ्यांसाठी पुढे येतात. आरतीला उभे राहून राहून तुम्हांला ती सवयच लागलेली असते. मी एक जुनी पितळी घंटी आहे. तुमच्या या भाबड्या सवयीचा कोणी कसा फायदा घेतला आणि त्यात माझाच आवाज कसा कामी आला, ते मला सांगायचे आहे. सांगताना तोंड वर करवत नाही. तसे घंटीचे तोंड खालीच असते म्हणा, पण पूर्वी त्याचे मला काही वाटत नसे.

माझा जन्म नाशिकचा. एका ओताऱ्याने वितळलेले पितळ साच्यात ओतले, निवल्यावर कानशीने घासून गुळगुळीत केले आणि माझ्या पोटात लोलक अडकवला. मला वाजवून पाहिल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, "हिचा आवाज लांब जाणार." तो खरोखरच लांब गेला. उर्मिलाताई सुट्टीला आल्या होत्या, त्यांनी मला विकत घेतले, एका जुन्या साडीत गुंडाळले आणि विमानाने थेट दुबईला नेले. तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी मला भेट दिले.

तेव्हा मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसत असे. मरीना आणि जुमेरा लेक टॉवर्सच्या उंच इमारतींतली कुटुंबे आपापल्या गाड्यांतून येत. मुहैस्नाहच्या कामगार वस्तीतून मंडळाची बस येई. त्या वस्तीला सगळे सोनापूरच म्हणतात. बसमधून इस्त्रीचा शर्ट घातलेली, भांग पाडलेली मंडळी उतरत. त्यांत सूर्यकांत असे. तो चिपळूणजवळच्या एका गावचा. बांधकामांवर पाइप जोडायचे काम करी. गणपतीला गावी जायची रजा त्याला कधीच मिळाली नाही. कोकणातल्या माणसाला ही गोष्ट किती लागते, हे तुमच्या घरात कोणी कोकणातले असेल तर विचारून पाहा.

पहिल्याच वर्षी मला कोण वाजवणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. तेव्हा सूर्यकांत पुढे झाला. त्याने मला असे वाजवले की माझे मलाच कळेना, माझ्यात एवढा ठेका होता! तेव्हापासून आरतीची घंटी सूर्यकांतकडे, हे ठरूनच गेले. एकदा माझा लोलक निखळला, तर त्याने खिशातली तार काढून तो तिथल्या तिथे बसवला. लोक म्हणत, "घंटी असावी तर अशी." मी फुगून जाई. मला वाटे, हे कौतुक माझे एकटीचेच आहे.

आता सभेबद्दल सांगते. मंडळाचे सभासद दर दोन वर्षांनी मत देऊन आपली कमिटी निवडतात. एका वर्षी विजयकुमार अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि विभावरी सेक्रेटरी म्हणून. "तुम्ही बोला, आम्ही ऐकतो," असे सांगत ते दोघे घरोघर फिरले होते. विभावरी तर मनापासून फिरली होती. पण पहिल्याच सभेत पार्किंगवरून असा गोंधळ माजला की कोणाचे कोणाला ऐकू येईना. विजयकुमारांनी पूजेच्या पेटीतून मला काढले आणि टेबलावर ठेवून वाजवले. हॉल चिडीचूप झाला! ज्या घंटीसमोर हात जोडायचे, तिच्यावर आवाज कोण चढवणार? मग नियम झाला. प्रत्येकाने तीन मिनिटे बोलायचे, वेळ संपली की विभावरीने मला वाजवायचे. नियम वाईट नव्हता. लांबण लावणाऱ्यांना आळा बसला. मला तर केवढा मान मिळाला! वर्षातून थोडे दिवस पेटीबाहेर येणारी मी, आता अध्यक्षांच्या शेजारी बसू लागले.

हळूहळू विजयकुमारांच्या एक गोष्ट लक्षात आली. मी वाजले की लोक नुसते गप्प होत नाहीत, टाळ्याही वाजवतात. आणि आपल्या सभांची रीत तुम्हांला ठाऊक असेल. टाळ्या पडल्या की ठराव मंजूर. पुढे तीन मिनिटांचा हिशेब मागे पडला. विजयकुमारांनी भुवई उचलली की विभावरीचा हात माझ्याकडे येऊ लागला. मी वाजत होते. का वाजते आहे, हे मी विचारले नाही.

जूनमधल्या वार्षिक सभेत विजयकुमार म्हणाले, "या वर्षी गणपती मरीनाच्या हॉटेलमध्ये. बॅन्क्वेट हॉल, व्हॅले पार्किंग, सगळं टॉप क्लास. सीट्स लिमिटेड आहेत, सो ओन्ली ऑनलाइन पासेस."

उर्मिलाताई उभ्या राहिल्या. "आणि सोनापूरची बस?"

"ताई, लॉजिस्टिक्स आपण नंतर बघू."

"नंतर नाही, आत्ताच सांगा. त्या लोकांना पासेस मिळणार आहेत की नाही? त्यांना कोणी विचारलं का? सूर्यकांतचं हे लास्ट इयर आहे. त्याचा कॉन्ट्रॅक्ट संपतोय, ऑक्टोबरमध्ये तो कायमचा गावी चाललाय. तुम्हाला आम्ही निवडून दिलंय, तेव्हा..."

विजयकुमारांची भुवई उचलली गेली. विभावरीने मला वाजवले.

मित्रांनो, ताईंना बोलायला लागून एक मिनिटही झाले नव्हते. त्या मधेच थांबल्या. ज्या बाईने मला साडीत जपून आणले, तिलाच मी गप्प केले. आणि प्रश्न कोणाचा होता? मला ठेका शिकवणाऱ्या सूर्यकांतचा. बाहेर जेवणाचा वास सुटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "टाळ्यांच्या गजरात मंजूर! यल्ला, जेवायला चला," विजयकुमार म्हणाले.

घरी जाताना मी विभावरीच्या पर्समध्ये होते. तिची मुलगी इशिता मागच्या सीटवर बसली होती.

"इशू, उर्मिला आजी बोलत होत्या ना? तू टाळ्या का वाजवल्यास?"

"बेल वाजली ना, मम्मा. सो वी क्लॅप."

विभावरी आरशातून तिच्याकडे बघत राहिली. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना, तेव्हा मागच्याने हॉर्न दिला. मला वाटले, आता ही कोणाला तरी फोन करेल. घरी पोचल्यावर तिने मला कपाटात ठेवले आणि नवऱ्याला म्हणाली, "आता पासेसचं वगैरे सगळं ठरलंय. पुढच्या मीटिंगला बघू." त्या रात्री तिने कपाट पुन्हा उघडले, माझ्याकडे पाहिले आणि बंद केले.

गणपती हॉटेलात बसला. थंडगार हॉल, गालिचे, फुलांची कमान, सगळे छान होते. आरतीला विजयकुमारांनी मला हातात घेतले, फोटो काढून झाला आणि त्यांनी मला घाईघाईने हलवले. ठेका कुठल्या कुठे गेला. लोक मागे वळून दाराकडे बघत होते. मीही बघत होते. इस्त्रीचा शर्ट घातलेले कोणी आत आले नाही. त्या आरतीला मला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

उर्मिलाताई मात्र स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. सभासदांनी मिळून मागणी केली तर कमिटीला खास सभा बोलवावीच लागते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी फोन करकरून लोक जमवले. ऑक्टोबरमध्ये शाळेच्या त्याच जुन्या हॉलमध्ये सभा भरली. सूर्यकांतला त्या स्वतःच्या गाडीतून घेऊन आल्या. दोन दिवसांनी त्याचे विमान होते.

ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. "बस कोणाला विचारून बंद केलीत?"

"ताई, खलास झालेला विषय आहे तो. ठराव टाळ्यांनी मंजूर झालाय," विजयकुमार म्हणाले आणि त्यांची भुवई वर गेली.

विभावरीचा हात माझ्याकडे आला. पण तिने मला उचलले नाही. तिने आपला रुमाल माझ्या लोलकाभोवती घट्ट गुंडाळला आणि ती उभी राहिली.

"सर, त्या टाळ्या ठरावाला नव्हत्या, घंटीला होत्या. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले, चूक माझी आहे. आता ताईंना पूर्ण बोलू द्या आणि तुम्ही उत्तर द्या."

ताई पूर्ण बोलल्या. मागून आणखी दोघे बोलले. विजयकुमारांना उत्तर द्यावेच लागले. "कोणालाच विचारलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. मग हात वर करून, मोजून मतदान झाले. बस पुन्हा सुरू झाली. यापुढे बसमधल्या मंडळींना विचारल्याशिवाय जागा बदलायची नाही, असेही ठरले. त्या दिवशी माझ्या तोंडून आवाज निघाला नाही आणि तरी सभा नीट चालली.

सभा संपल्यावर विजयकुमारांनी रुमाल सोडला आणि मला सूर्यकांतपुढे धरले. "सूर्यकांत, सॉरी यार. जाण्याआधी एकदा वाजव."

माझा सगळा जीव लोलकात आला होता. सूर्यकांतने मला हातात घेतले, त्यानेच बांधलेली तार अंगठ्याने चाचपली आणि मला हळूच टेबलावर परत ठेवले.

"राहू द्या, साहेब. आता ती सभेची घंटी झाली. आरतीला दुसरी आणा."

तो रागावला नव्हता, म्हणून तर मला ते जास्त लागले. दोन दिवसांनी तो गेला. बस आता येते, पण ती ज्याच्यासाठी मागितली होती, तो त्यात नसतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल, माणसे निवडाल. निवडलेल्या माणसाला आपला प्रश्न नकोसा झाला, की तो तुम्हांला रागावेलच असे नाही. तो एखादी गोड आवाजाची घंटी वाजवेल. तेव्हा एवढेच करा, बोलणाऱ्याचे बोलणे पुरे झाले का ते बघा आणि उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा.

आणि मला वाजवायला कोणी चिपळूणहून आलेच, तर त्याला सांगा, लोलकाची तार अजून पक्की आहे.