अंधाऱ्या खोलीतली दुसरी टक

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. पण पुरता नव्हे, अर्धाच. एका बाजूने पाहाल तर तुमचे तोंड दिसेल. दुसऱ्या बाजूने पाहाल तर दुसऱ्याचे.

कारखान्यात माझ्या भावंडांच्या पाठीवर चांदीचा जाड मुलामा चढला. माझ्यावर मात्र कारागिराने तो जेमतेम फुंकर घातल्यासारखा दिला. मला वाटले, मी बिघडलो. मग कळले, ते मुद्दामच केले होते. एका महाविद्यालयात नेऊन त्यांनी मला दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसवले. एका खोलीत लख्ख दिवे, एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुसरी कायम अंधारी, काळ्या पडद्यांची, ओळीने चार खुर्च्या मांडलेली. उजेडातल्या माणसाला माझ्यात स्वतःचाच चेहरा दिसे. अंधारातल्यांना तो माणूस माझ्यातून आरपार दिसे. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीला डोळे होते आणि ते मी होतो.

खोली होती मानसशास्त्राच्या विभागाची, पण ती वापरायला मागून घ्यायचे सगळेच. व्यापाराचे विद्यार्थी चार गृहिणींना बसवून साबणाच्या वड्या हुंगायला देत, आणि अंधारात कंपनीचे साहेब त्या बायकांच्या पिशव्यांना हसत. परिचारिका होऊ घातलेल्या मुली वाईट बातमी हळुवारपणे कशी सांगावी याचा सराव करत. चित्रपट शिकणारी मुले एकटा माणूस कसा वागतो ते बघायला येत. एकटा माणूस दात कोरतो, मित्रांनो, आणि आरशाला जीभ दाखवतो. समाजशास्त्राचे एक सर तर दोन माणसे आणि एकच खुर्ची ठेवून कोण कुणासाठी उठते ते टिपत बसत. सगळे माझे कौतुक करत. "काय स्वच्छ दिसतं हो!" म्हणत.

पण वीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली, ती कुठल्या विषयाच्या पुस्तकात असेल असे वाटत नाही. अंधारात बसलेला माणूस थोड्या वेळाने बदलतो. त्याचा चेहरा सैल पडतो, पापण्या लवेनाशा होतात. समोरच्याला आपण दिसत नाही, म्हणजे आपण इथे नाहीच, असे त्याला वाटू लागते. अंधारातल्यांचा श्वास माझ्या थंड पाठीवर वाफ होऊन धरायचा. सगळे उठून गेल्यावर त्याचे ठिपके मी मोजत असे. खुर्च्या चार होत्या. ठिपके कधीकधी पाच भरत. मी त्याचा दोष मामाच्या फडक्याला देऊन गप्प बसे.

मामा म्हणजे तिथला शिपाई. तो मला रोज पुसायचा, आणि अंधारी खोली बंद करण्याआधी उजेडाच्या बाजूने माझ्यावर बोटाने दोनदा टकटक करायचा. आत कुणी असेल तर त्याने दोनदा टकटक करून उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही, तरच कुलूप.

"मामा, आत कुणी नाहीये, दिसतंय ना!" एकदा कुणीतरी वैतागून म्हणाले.

"काय दिसतंय? मला तर माझंच थोबाड दिसतंय," मामा म्हणाला. "विचारल्याशिवाय कुलूप घालू नये."

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात ती आली. सात वर्षांची मुलगी, दोन घट्ट वेण्या, ओठ त्याहून घट्ट. तिचे वडील मानसशास्त्राच्या मॅडमसमोर खुर्चीच्या टोकावर बसले होते.

"आठ महिने झाले, मॅडम. हिची आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून ही एक शब्द बोललेली नाही. शाळा म्हणते, सत्र संपेपर्यंत बोलली नाही तर लांबच्या निवासी शाळेत पाठवा. मी एकटीला कशी पाठवू हिला?"

"आई गेली, हे तिला सांगितलंत?" मॅडमनी हलकेच विचारले.

"येईल म्हणतो. दुसरं काय सांगू?"

त्या दिवशी निघताना मामाने नेहमीप्रमाणे टकटक केली. आतून एका विद्यार्थिनीने उत्तर दिले. मुलगी जागच्या जागी थबकली.

"आत माणसं असतात, बाळा," मामा म्हणाला. "विचारलं की सांगतात."

मग मामा निवृत्त झाला आणि त्याची टकटकही बंद झाली.

पुढच्या आठवड्यात मुलीला खेळणी देऊन उजेडात एकटीला सोडले. मॅडम आणि तीन विद्यार्थी अंधारात बसले. मुलीने खेळण्यांना हात लावला नाही. ती सरळ माझ्याकडे आली, दोनदा टकटक केली आणि कान लावून उभी राहिली. आतल्यांचा नियम ठरलेला होता, की काहीही होवो, आपण त्या गावचेच नाही असे राहायचे. कुणी हलले नाही. एकाने वहीत लिहिले, 'काचेवर टकटक, सहा वेळा.' नंतरच्या आठवड्यात अकरा वेळा. मग तेवीस. विद्यार्थ्याने त्याचा छान आलेख काढला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे तर आरसाच मध्ये होता, तरी ती पोर काहीतरी विचारते आहे हे चार शिकलेल्या माणसांना दिसले नाही. तिचे बोट ऊन असायचे. मला ते सोसवत नव्हते.

सत्राचा शेवटचा दिवस उजाडला. विद्यार्थी परीक्षेला गेले होते. मॅडमनी अंधाऱ्या खोलीला स्वतः कुलूप घातले आणि दुपारी वडिलांना उजेडाच्या खोलीत बोलावले.

"मला शाळेला लिहावं लागेल, की ती बोलत नाही," त्या म्हणाल्या.

मुलगी माझ्यापाशी आली. टक, टक. कान लावला. पुन्हा टक, टक. एका अंगाला दिव्यांची धग, दुसऱ्या अंगाला अंधाराचा गारठा. मी जन्मात केले नव्हते ते केले. होते नव्हते ते बळ एकवटले आणि कोपऱ्यातून तडकलो.

टक.

आणि लगेच, माझ्या पाठीशी, अंधारातून, टक.

"आई?" मुलगी म्हणाली. "आई, तू आत आहेस?"

वडिलांच्या अंगावर सरसरून काटा आला, तो मला स्पष्ट दिसला. मॅडमनी किल्ली काढली. कुलूप उघडले, दिवा लागला. चार खुर्च्या आणि त्यांच्यावर कुणी नाही. मुलीने खुर्च्यांखाली पाहिले, पडद्यांमागे पाहिले, मग मध्ये उभी राहून म्हणाली, "नाहीये."

वडील गुडघ्यांवर बसले. "नाही गं बाळा. आई नाहीये. ती परत येणार नाही. मी खोटं सांगत होतो."

मग ती रडली, मोठ्याने, आठ महिन्यांचे सगळे एकदम. रडता रडता बोलली, भांडली, बाबांना गुद्दे मारले. निवासी शाळेचा कागद मॅडमनी फाडून टाकला. तो आलेख हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आम्ही मोजत बसलो गं." दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली, 'बाहेरून विचारल्यास आतून उत्तर द्यावे.'

तडकलेला आरसा कोण ठेवतो? माझ्या जागी कॅमेरा आला आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या अडगळीत झाली, तोंड भिंतीकडे करून. मला त्याचे दुःख नाही. धुळीचे मात्र आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरून कधीतरी फडके फिरवत जा. आणि तुम्ही ज्याला पाहता पण ज्याला तुम्ही दिसत नाही, त्याने साद घातली तर ओ द्या.

एक सांगायचे राहिले. माझ्या अंगावर तडा एकच आहे. काच एकदा तडकली की आवाज एकदाच होतो. पहिली टक माझी होती. दुसरी माझी नव्हती.

आता माझी पाठ त्या अडगळीच्या अंधाराकडे आहे. इथे कुणी येत नाही, तरी सकाळी माझ्या पाठीवर श्वासाचा एक ठिपका असतो. कधी आलात तर धूळ पुसा आणि मामासारखी दोनदा टकटक करा. माझ्याच्याने आता एकही टक होणार नाही. तरीही उत्तर आले तर पळून जाऊ नका. त्या चिमुरडीसारखे उभे राहा आणि विचारा, आत कोण आहे.