पाताळातला मुजरा

महिपतरावांना रेल्वेचं वेड, आणि रेल्वे पाहून आले पांडुरंगराव. दात एकाला आणि चणे दुसऱ्याला, ही दैवाची जुनी खोड. तिला कोण काय करणार?

झालं असं की सरदार जगदेवराव विलायतेला निघाले, तेव्हा त्यांना सोबत एक जाणता माणूस हवा होता. महिपतराव ग्वाल्हेरच्या छोट्या रेल्वेत अधिकारी, इंग्रजी फर्डं. तेच जाणार असं ग्वाल्हेरचं अख्खं लष्कर शहर धरून चाललं होतं. पण सरदारांनी नेलं दरबारात मानपानाचं काम पाहणाऱ्या पांडुरंगरावांना. म्हणे, माणूस बोलायला गोड! आणि विलायतेहून ही मंडळी थेट मॉस्कोला गेली, तिथली नवी भुयारी रेल्वे पाहून आली.

तेव्हापासून खासगी बाजार पेठेतल्या पांडुरंगरावांच्या घरच्या बैठकीत दुसरा विषय नव्हता. जमिनीच्या पोटात संगमरवरी खांब, छताला झुंबरं, आपोआप चालणारे जिने. ऐकून महिपतरावांचा जळफळाट व्हायचा. झुंबरांचं एक वेळ सोडा, त्यांना सलायची ती स्वतःच्या बायकोची, दुर्गाबाईंची नजर. दुर्गाबाईंनी सगळं दोनदा ऐकलं होतं, तरी माजघराच्या दारात बसून त्या सुपारी कातरायची विसरत होत्या. महिपतराव दौऱ्यावरून आले की त्या विचारायच्या, "काय पाहिलंत?" ते सांगायचे, "गाडी वेळेवर होती." मग त्या पानं मांडायला उठायच्या. आपलंही त्यांनी एकदा असं भान हरपून ऐकावं, एवढंच महिपतरावांना हवं होतं. ते जमत नसेल तर निदान पांडुरंगरावांचं तरी तोंड बंद व्हावं.

त्या संध्याकाळी त्यांनी डाव टाकला.

"पांडुरंगराव, डब्यातली बाकं कशी होती हो? लाकडी की गादीची?"

"बाकं?" पांडुरंगराव अडखळले.

"बाकंच. बसला असाल ना?"

महिपतरावांना मनातून गुदगुल्या होत होत्या. सापडला लेकाचा.

"खरं सांगू का," पांडुरंगराव पगडी काढून मांडीवर घेत म्हणाले, "मी गाडीत बसलोच नाही. जिन्यानं खाली उतरलो, तर ती झुंबरं, ते खांब, समोर कुणा बड्या असामीचा पुतळा. मला बिलकुल वाटलं, दरबार भरलाय. हात आपसूक मुजऱ्याला गेला. आता मुजरा केला की पाठ दाखवायची नाही, ही आपली रीत. तसाच वाकून उलट्या पावलांनी मागं सरलो. मागं होता दुसरा जिना, वर जाणारा. त्यानं मला मुजऱ्यासकट उचललं अन् रस्त्यावर आणून सोडलं. म्हटलं, चला, निरोप मिळाला. सरदारसाहेब गाडीतून फिरून आले, तोवर मी बाहेर थंडीत उभा."

सगळी बैठक पोट धरून हसली. सर्वांत जास्त हसल्या दुर्गाबाई. अडकित्ता हातातून पडला, तरी त्यांचं हसू थांबेना.

टांगा घराकडे निघाला तरी त्या पदरानं डोळे टिपत होत्या. महिपतराव आतून धुमसत होते. चोर मुद्देमालासकट पकडला होता, आणि लोकांनी त्यालाच हार घातला होता.

"बघितलंस? पाय ठेवला नाही गाडीत. इतके दिवस नुसत्या थापा."

"थापा कशा? बसलो असं ते कधी म्हणाले?"

"मी असतो तर सगळ्या स्टेशनांवर फिरून आलो असतो."

"आला असतात, त्यात शंका नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आणि घरी येऊन मला काय सांगितलं असतंत?"

महिपतरावांनी तोंड उघडलं. रूळ, सिग्नल, डबे, सगळं डोळ्यांपुढे आलं. सांगायला जिभेवर मात्र तेच नेहमीचं एक वाक्य आलं, आणि ते त्यांनी मोठ्या कष्टानं गिळलं.

दुर्गाबाईंना पुन्हा तो मुजरा आठवला असावा. त्या तोंडाला पदर लावून बाहेर बघू लागल्या, आणि त्यांचे खांदे घर येईपर्यंत हलत होते.