डॅट फाइलमधले चिंधूजी

“दोन दुकानात जाऊन आली. दोघंही म्हणतेत, फाइल खराब आहे, काढून टाका,” सुमनकाकूंनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

अड्याळच्या बाजारात सतरा वर्षं माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. उघडता येत नाही, हे कबूल न करता फाइललाच खराब ठरवणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

“आहे काय यात?”

“जुन्या गावातल्या लग्नाची सीडी होती, पोरानं यात टाकून देल्ली. यायचा फोटो पाह्यजे, रत्नमाला. परवा नातीचं, गुंजनचं लग्न. पोरगी म्हणते, मांडवात आबाच्या फोटोले हार घालतो. फोटो कुठून आणू? होता तो घर हलवताना भिजला.”

धरणासाठी गाव उठायच्या आधीच काकूंचे यजमान, चिंधूजी, वारले होते.

फाइलच्या नावाचं शेपूट होतं ‘डॅट’. आमच्याकडे नुसतं ‘मेश्राम’ विचारलं तर दहा घरं दाखवतात, तसलं हे शेपूट. कुठल्याही प्रोग्रामची फाइल असू शकते. पण आकार भला मोठा होता. नोटपॅडमध्ये उघडली, तर कचऱ्यासारख्या अक्षरांच्या सुरुवातीलाच व्हिडिओ सीडीची खूण सापडली. मग व्हिडिओच्या प्लेअरमध्ये उघडली.

बँड वाजला. मांडव दिसला, मग पंगत.

“थांब! थो बादलीवाला!”

वाकून वरण वाढणारा माणूस, पाठमोरा. मी चित्र तसूतसूनं पुढे सरकवलं. तीन पंगती उठल्या, पण चिंधूजी एकदाही वळले नाहीत. मला रडू यायला लागलं.

“जेवायला बसले तेव्हा तरी दिसतील, काकू.”

“बसले कुठं? सगळ्याईचं झाल्यावर जेवत. तवरिक कॅमेरावाला गेला असन.”

तसंच झालं. पुढे नुसती नवरीची पाठवणी होती.

“थोच काढ,” काकू म्हणाल्या.

“पाठच दिसते हो. हार कसा घालणार?”

“मांगूनच घालू. वाढता मानूस पंगत सोडून वळते का?”

मोठ्या कागदावर छापून दिला. शाई ओली आहे, जरा थांबा म्हटलं. काकू टेबलाशी उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले, तेव्हा मागून त्यांचा हलका आवाज आला.

“झाल्या ना पंगती? आता तरी जेवून घ्या.”